ती मैत्री रंगीत तालीम नव्हे

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली. ज्या सेवांचा मुख्य हेतू ऑनलाइन खेळ हा आहे, त्यांना मात्र या मनाईतून वगळण्यात आले. तेव्हापासून 'मग खेळांना का सोडले?' हा प्रश्न विचारला जातो, आणि या वादात स्वमग्न (ऑटिझम असलेले) विद्यार्थी दोन्ही पक्षांना साक्षीदार म्हणून हवे असतात. एक पक्ष म्हणतो, ही मुले आधीच माणसांत मिसळत नाहीत, खेळामुळे त्यांचे उरलेसुरले दारही बंद होते. दुसरा म्हणतो, खेळू द्या, त्यातून ती बोलायला-वागायला शिकतील आणि पुढे खऱ्या जगात मित्र जोडतील. वरवर पाहता हे पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, परंतु त्यांचे गृहीतक एकच आहे: खरी मैत्री ती, जी वर्गात, मैदानावर, समोरासमोर आणि शक्यतो मोठ्यांच्या नजरेसमोर होते. पहिल्याच्या लेखी ऑनलाइन खेळ हा त्या मैत्रीचा शत्रू आणि दुसऱ्याच्या लेखी तिची रंगीत तालीम. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. अनेक स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी खेळात जुळलेली मैत्री हीच मैत्री आहे, तिला पुढे कुठेतरी पोहोचायचे नसते. आणि मोठ्यांचे काम ती जागा काढून घेण्याचे किंवा तिचा शिकवणीवर्ग करण्याचे नसून ती सुरक्षित ठेवण्याचे आहे.

या मुलांना मैत्री नकोच असते, हा समज बराच जुना आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांचे जे वर्णन केले आणि जे पुढे जगभर रूढ झाले, त्यात माणसांशी नेहमीच्या रीतीने नाते जोडता न येणे हे मूळ लक्षण मानलेले होते. कालांतराने त्यातली 'नेहमीच्या रीतीने' ही अट गळून पडली आणि नाते जोडता येत नाही, म्हणजे ते नकोच असते, एवढेच लोकांच्या मनात राहिले. निरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी यांनी स्वमग्न मुलांनाच विचारून केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या मुलांनी इतर मुलांपेक्षा अधिक एकटेपणा नोंदवला. ज्याला सोबत नकोच असते, त्याला एकटे कशाला वाटेल? मग अडचण नेमकी कुठे आहे? २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या बोलण्याचे छोटे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. काही क्षणांतच लोकांचे मत स्वमग्न व्यक्तींच्या विरोधात गेले: यांच्याशी बोलायला, यांच्या शेजारी बसायला आवडणार नाही. परंतु तेच बोलणे, आवाज आणि चित्र काढून टाकून, केवळ लिखित मजकूर म्हणून वाचायला दिले, तेव्हा हा पूर्वग्रह नाहीसा झाला. म्हणजे खटकत होते ते त्यांचे म्हणणे नव्हे. खटकत होती नजर, हातवारे, स्वराची चढउतार. डॅमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलेली 'दुहेरी समानुभूतीची समस्या' ती हीच: न समजणे दुतर्फा असते, मात्र उपचार एकाच बाजूवर केले जातात.

हे लक्षात घेतले की मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या, खेळात या मुलांना काय सापडते, याचे गूढ उरत नाही. शाळेची मधली सुट्टी हा बहुधा सर्वांत अवघड तास असतो, कारण त्यात काय करायचे हे कोणीच सांगत नाही आणि तरी प्रत्येकाला ते ठाऊक असावे अशी अपेक्षा असते. खेळात काय करायचे ते उघड असते. किल्ला राखायचा आहे, तू जखमींना बरे करणारा, मी पुढे राहून वार झेलणारा, तिसरा मागून मारा करणारा. बोलण्याचा विषय समोर पडद्यावर हलत असतो, डोळ्यांत डोळे घालायचे नसतात, उत्तर द्यायला वेळ घेतला तर कोणी भुवया उंचावत नाही, आणि आवाज असह्य झाला तर तो कमी करण्याची सोय आपल्या हातात असते. २०१९ मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजेंड्स' या खेळात तर शत्रू, शस्त्र किंवा जागा नुसती खूण करून साथीदारांना दाखवण्याची सोय इतकी काळजीपूर्वक केलेली आहे, की एक शब्दही न बोलता अनोळखी माणसांबरोबर अख्खा सामना खेळता येतो. ती सोय स्वमग्न मुलांसाठी केलेली नव्हती, पण त्यांच्या उपयोगी पडते. समान आवडीभोवती आणि नेमून दिलेल्या भूमिकांतून नाते जुळते, हे तत्त्व तसे नवीन नाही. डॅनियल लगॉफ यांनी २००४ मध्ये मांडलेल्या लेगो-पद्धतीत एक मूल नकाशा सांगणारे, एक ठोकळे पुरवणारे आणि एक जोडणारे असते, आणि तिला आपण आदराने उपचार म्हणतो. तीच गोष्ट मुलांनी रात्री आठ वाजता स्वतःहून जमवली की आपण तिला व्यसन म्हणतो!

एका किशोरवयीन स्वमग्न मुलाशेजारी बसून मी त्याचा माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी हवे ते बांधण्याचा, खेळ पाहिला आहे. तो आणि त्याचा दूरदेशीचा मित्र मिळून वस्तू आपोआप वेगवेगळ्या पेट्यांत टाकणारे यंत्र बांधत होते. बराच वेळ चॅटमध्ये काहीच नव्हते. मग मित्राने त्या यंत्रातल्या, वस्तू पुढे सरकवणाऱ्या भागाबद्दल लिहिले, 'चौथा हॉपर उलटा लागलाय.' याने तो काढून नीट बसवला आणि लिहिले, 'चालतंय.' पुन्हा शांतता. थोड्या वेळाने मित्राने लिहिले, 'आज शाळेत वाईट झालं.' काय झाले, कोणी केले, आता कसे वाटते, असे काहीही या मुलाने विचारले नाही. काही क्षणांनी त्याने लिहिले, 'रुळांचं काम तू घे. खणायचं मी करतो.' रूळ टाकणे हे मित्राचे आवडते काम आणि खणणे दोघांनाही कंटाळवाणे वाटणारे, हे मला नंतर विचारल्यावर कळले. संवादकौशल्याच्या कोणत्याही तक्त्यावर त्या मुलाला इथे शून्य गुण पडले असते: प्रश्न विचारला नाही, भावनेला शब्द दिला नाही, सांत्वन केले नाही. मित्राने मात्र ते सांत्वन ओळखले आणि तो रूळ टाकू लागला.

आपल्याला न दिसणारी गोष्ट नसतेच, असे मानण्याची सवय मोठ्यांना किती महागात पडू शकते, याचे उदाहरण नॉर्वेतील मॅट्स स्टेन या तरुणाचे आहे. तो स्वमग्न नव्हता. त्याला स्नायूंचा असाध्य आजार होता आणि २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. मुलगा आयुष्यभर एकटा पडद्यासमोर बसून राहिला, त्याला ना मित्र ना प्रेम, या दुःखात त्याचे आईवडील होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली, तेव्हा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातील त्याच्या साथीदारांची पत्रे येऊ लागली, आणि त्यांतले काही जण परदेशांतून अंत्यसंस्काराला आले. आईवडिलांचे प्रेम कमी नव्हते. मैत्री कुठे शोधायची, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे, आणि ते हलके नाही. पहिला मुद्दा वेळेचा आणि सुटत नाही अशा ओढीचा. मायका मझुरेक आणि क्रिस्टोफर एंगलहार्ट यांच्या २०१३च्या अभ्यासात, पालकांनी दिलेल्या माहितीनुसार स्वमग्न मुलगे दिवसाला सरासरी २.१ तास व्हिडिओ गेम खेळत, तर इतर मुलगे १.२ तास, आणि खेळ थांबवता न येण्याची अडचणही स्वमग्न मुलग्यांत अधिक आढळली. एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडून जाणे हा स्वभावाचाच भाग असेल, तर बक्षिसांची कधीच न संपणारी रांग लावणारे खेळ अशा मुलावर अधिक जोराने काम करणार, हे उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, आणि ते उगाच दिलेले नाही. परंतु त्या व्याख्येत काय आहे, हेही पाहावे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळत जाणे, नुकसान होत असूनही खेळत राहणे, आणि हे सारे साधारणपणे १२ महिने टिकणे, असे निकष तिथे दिले आहेत. तासांचा आकडा दिलेला नाही. दोन तास एकट्याने नाणी गोळा करणारा मुलगा आणि दोन तास चार मित्रांबरोबर किल्ला बांधणारा मुलगा यांना घड्याळ एकाच मापाने मोजते, म्हणून घड्याळावर उभे राहिलेले धोरण आंधळे ठरते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळबंदी केली आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचे ठरवले. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तास एवढीच मुभा ठेवली. मूल कोणाबरोबर आणि काय खेळते, हा प्रश्न या दोन्ही कायद्यांनी विचारलाच नाही. झोप मोडत असेल तर झोपेची वेळ पाळायला लावावी, यात दुमत नाही. तो झोपेविषयीचा नियम झाला. मैत्रीविषयीचा निवाडा त्यातून निघत नाही.

दुसरा मुद्दा धोक्याचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. शब्दशः विश्वास ठेवणारा मुलगा थट्टा, फसवणूक आणि दुष्ट हेतू यांतला फरक उशिरा ओळखतो. मैत्रीसाठी आसुसलेला असेल तर ओळखूनही दुर्लक्ष करतो. कंपन्या या बाबतीत निर्दोष नाहीत. 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. लहान मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना गोळा करणे, अनोळखी लोकांशी थेट बोलण्याची सोय मुलांसाठी आपोआप चालू ठेवणे, आणि नको असलेली खरेदी सहज होऊन जाईल अशा रीतीने बटणे मांडणे, असे आरोप त्यामागे होते. पण हा पुरावा कोणाविरुद्ध आहे? जागा वाईट चालवली जाते, म्हणून जागा चालवणाऱ्याला जबाबदार धरायचे, की तिथे जमणाऱ्या मुलांना हाकलून द्यायचे? जागा वेगळ्या रीतीने चालवता येते, हे दिसून आलेले आहे. कॅनडातील स्टुअर्ट डंकन या स्वमग्न पित्याने २०१३ मध्ये 'ऑटक्राफ्ट' हा माइनक्राफ्टचा सर्व्हर, म्हणजे तो खेळ एकत्र खेळण्याची स्वतंत्र ऑनलाइन जागा, सुरू केला. तिथे अर्ज करून परवानगी मिळाल्याशिवाय प्रवेश नाही, दुसऱ्याने बांधलेले मोडता येत नाही, छळणाऱ्याला थारा नाही आणि देखरेख करणारी माणसे हजर असतात. कॅथरिन रिंगलँड यांनी तिथे दीर्घकाळ राहून केलेल्या अभ्यासात जे दिसते ते एका वस्तीचे चित्र आहे: लोक एकमेकांना ओळखतात, भांडतात, मदत करतात, आपल्या सोयीनुसार जागा बदलून घेतात. अशी देखरेख खर्चाची असते, म्हणून ती मोठ्या कंपन्या आपण होऊन करणार नाहीत. सारा राजकीय जोर तिथे लावायला हवा. मुलांच्या दारावर कडी घालणे स्वस्त पडते, म्हणूनच ते आधी सुचते.

तिसरा मुद्दा शिक्षकांकडून येतो आणि तो प्रामाणिक काळजीतून येतो. पुढे मुलाखत द्यायची आहे, कार्यालयात काम करायचे आहे, डॉक्टरशी बोलायचे आहे. तिथे टंकून चालणार नाही, आणि सोयीच्या कोशात राहिलेला विद्यार्थी ते कधी शिकणार? ही गरज खरी आहे. तिच्यासाठी वेगळी तयारी जरूर करावी, पण तिला मैत्री म्हणू नये. मुलाखतीची तयारी व्हावी म्हणून कोणी मित्र जोडतो का? शिवाय समोरासमोरच्या कौशल्यांचे जे वर्ग आपण या मुलांसाठी घेतो, त्यांची फलश्रुती काय आहे? गेट्स, कांग आणि लर्नर यांनी २०१७ मध्ये गटाने घेतल्या जाणाऱ्या अशा वर्गांच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. विद्यार्थी स्वतः सांगतात तेव्हा बराच लाभ दिसतो, परंतु तो कसे वागावे याचे ज्ञान वाढल्याचा असतो, प्रत्यक्ष वागणे बदलल्याचा नव्हे. आणि शिक्षकांच्या नोंदींत तर लाभ आढळतच नाही. मुले नियम पाठ करतात, आणि पाठ केलेले नियम दिवसभर पाळत, आपले मूळ वागणे झाकत राहण्याची मोठी किंमत मोजतात. संध्याकाळी खेळात ती झाकपाक उतरवून ठेवता येते, हा त्या खेळाचा दोष म्हणायचा का?

संशोधनाच्या मर्यादाही झाकू नयेत. मार्टिन सुंडबर्ग यांच्या २०१८च्या अभ्यासात ऑनलाइन खेळणाऱ्या स्वमग्न व्यक्तींना न खेळणाऱ्यांपेक्षा अधिक मित्र असल्याचे आढळले, पण खेळामुळे मित्र मिळाले की मित्रांमुळे खेळ लागला, हे अशा पाहणीतून ठरत नाही. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ८-८ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवली. सर्व स्वमग्न असलेल्या साखळ्यांत ती इतरांच्या साखळ्यांइतकीच शाबूत राहिली आणि मिश्र साखळ्यांत अधिक गळाली. पुढे अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात मिश्र गटांतील ती घसरण दिसली नाही, मात्र स्वमग्न गट कुठेही कमी पडले नाहीत. शिवाय या क्षेत्रातले बरेचसे संशोधन बोलू-लिहू शकणाऱ्यांवर आणि त्यातही मुलग्यांवर झालेले आहे. ज्याला भाषा वापरणेच कठीण जाते किंवा ज्याला खेळांत रसच नाही, अशा विद्यार्थ्याबद्दल माझा युक्तिवाद काही सांगत नाही, आणि खेळ हा सर्वांवरचा उपाय असल्याचा दावा मी करत नाही. ज्यांना तिथे मित्र मिळाले आहेत, त्यांच्या मैत्रीला खोटी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

असा अधिकार मोठ्यांनी पूर्वीही बजावला आहे. १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. तिथल्या प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असलेले जवळजवळ कोणी नव्हते. त्यांनी ठराव केला की मुलांना उच्चारित भाषेतूनच शिकवावे, खुणांची भाषा वर्गातून काढावी. हेतू दुष्ट नव्हता: या मुलांना पुढे ऐकणाऱ्यांच्या जगात राहायचे आहे, तेव्हा सोयीच्या खुणांत अडकू देऊ नये. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा वाटत नाही का? अनेक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खुणा केल्याबद्दल शिक्षा झाल्या, आणि तरीही वसतिगृहांत, दिवे मालवण्याआधी, मुले खुणांनीच मैत्री करत राहिली. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते अमान्य करायला याच परंपरेतल्या परिषदेला २०१० साल उजाडावे लागले. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुले शाळांत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश ओळखायला शिकवत राहिले आणि मुलांनी मैदानात व बसमध्ये स्वतःची भाषा घडवली, जिचा अभ्यास करायला पुढे भाषाशास्त्रज्ञ गेले. खेळ म्हणजे भाषा नव्हे, हे मला मान्य आहे, आणि ऑनलाइन खेळामागे नफा कमावणारी कंपनी असते, तशी खुणांच्या भाषेमागे नव्हती, हेही. साम्य आहे ते मोठ्यांच्या वागण्यात. मुले जिथे एकमेकांपर्यंत पोहोचतात तो मार्ग आपल्यासारखा नाही, म्हणून तो हीन ठरवायचा. आणि तो बंद केल्यावर ती एकाकी झाली, की तो दोष त्यांच्या स्थितीचा मानायचा.

म्हणूनच खेळाची बाजू घेणाऱ्या, पण त्याला उपचार बनवू पाहणाऱ्या पक्षाबद्दलही मी साशंक आहे. 'आज खेळताना तू किती वेळा आपली पाळी येईपर्यंत थांबलास?' असे विचारून तक्ता भरणारा मार्गदर्शक सर्व्हरवर आला, की मुले दुसऱ्या सर्व्हरवर जातात, आणि ती बरोबर करतात. उपयोग सिद्ध झाल्याशिवाय स्वमग्न मुलाला आनंदही मिळू नये, ही अट आपण इतर कोणत्या मुलाला घालतो? फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला त्यातून कोणती सामाजिक उद्दिष्टे साध्य झाली, असे कोणी विचारत नाही.

शाळा आणि घर यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते फार अवघड नाही. मित्रांची चौकशी करताना 'शाळेबाहेर तू कोणाला भेटतोस?' याच्या जोडीला 'तू कोणाबरोबर खेळतोस, तो काय खेळतो, तो चिडला की काय करतो?' असेही विचारावे; उत्तरांवरून मैत्री आहे की एखादा अनोळखी माणूस वापर करून घेतो आहे, हे तासांच्या आकड्यापेक्षा फार लवकर कळते. पैसे, फोटो किंवा गुपित मागणाऱ्याबद्दलचे नियम सूचक बोलून नव्हे, तर स्पष्ट वाक्यांत आणि लिहून द्यावेत. खेळ थांबवण्याची वेळ घड्याळातल्या ठोक्याऐवजी सामना किंवा मोहीम संपण्याशी जोडावी, कारण मध्येच उठून गेलेला साथीदार इतरांच्या दृष्टीने पळून गेलेला असतो. हाच विचार शिक्षेलाही लागू आहे. गृहपाठ झाला नाही म्हणून आठवडाभर खेळ बंद, ही शिक्षा फक्त त्या मुलाला होत नाही. दुसऱ्या टोकाला चार जण त्याची वाट पाहत बसतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसऱ्याला घेतात. नवा गट शोधणे इतर मुलाला एका संध्याकाळचे काम असेल, याला कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा शिक्षेसाठी शक्यतो दुसरे काहीतरी निवडावे, आणि खेळच बंद करायचा असेल तर आधी त्याला साथीदारांना दोन ओळी लिहू द्याव्यात: मी शनिवारपर्यंत येणार नाही, तोवर माझी जागा कोणीतरी सांभाळा.